घासूनपुसून ठेवलेले दागिने

"हेही मशीनवरचंच," संग्रहालयाच्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जेवणाच्या टेबलावर मखमल अंथरून त्यांनी सकाळपासून चांदीचे तेवीस दागिने मांडून ठेवले होते. मॅडमनी सहा पाहिले आणि सहाही बाजूला सारले. सगळे कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या सोनाराच्या हातचे. तो होता तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. गेला, आणि सगळ्यांना एकदम त्याचं मोठेपण कळलं. आता संग्रहालय त्याच्या कामाचं एक दालन उघडत होतं. ज्याचे दागिने घेतील त्याचं नाव काचेच्या कपाटात पाटीवर लागणार होतं. काकूंनी ही बातमी दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून टाकली होती. पाटीचा मजकूरही त्यांच्याकडे तयार होता. त्यात सोनाराचं नाव दुसऱ्या ओळीत येत होतं.

"अहो, मशीन कसलं? मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून करवून घेतलंय हे. त्याच्या ठोकाठोकीनं माझं डोकं उठायचं."

"ठोकलंय तर ठोकल्याच्या खुणा हव्यात ना. शिवाय तो छिन्नीनं बारीक पानं कोरायचा. त्याची ओळखच ती. इथे एक रेघ दिसत नाही."

काकूंनी सातवा दागिना पुढे सरकवला. मग आठवा. तेविसाव्यापर्यंत मॅडमचं उत्तर बदललं नाही.

हे दागिने म्हणजे काकूंचा जीव की प्राण. अंगावर त्यांनी एकही कधी घातला नाही, घामानं खराब होतात म्हणून. पण रविवारी दुपारी जेवणं उरकली की त्या खोलीचं दार लावून घ्यायच्या, सगळे काढायच्या आणि दोन तास त्यांच्यात रमायच्या. नवऱ्याला बढती मिळाली तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता. काकांना हे ठाऊक होतं. रविवारचा चहा ते मुकाट्यानं स्वतःच करून घ्यायचे.

तेवढ्यात धाकटी जाऊ चहाचा ट्रे घेऊन आली. ती वरच्या मजल्यावर राहायची. पाहुणे येणार म्हणून मदतीला खाली आली होती. तिच्याकडेही त्याच सोनाराच्या हातचं कानातलं होतं. एकच जोड. लग्नाच्या वर्षी घातला तो कानातच राहिला, आंघोळीलासुद्धा काढला नाही. "कानात कोळसा लटकवून फिरतेस," असं काकू तिला चारचौघांत ऐकवायच्या. ती हसून सोडून द्यायची.

मॅडमचा हात कपाकडे जाता जाता थांबला. "जरा इकडे मान करता?"

जावेनं ट्रे ठेवला आणि मान झुकवली. मॅडमनी भिंग तिच्या एका कानाला लावलं, मग दुसऱ्या. "हे त्याचं," त्या शेवटी म्हणाल्या. "पानाची शीर न् शीर दिसतेय."

"अहो, पण ते घाणीनं भरलंय," काकू म्हणाल्या.

"घाण नाही. रेघांमध्ये चांदी काळी पडलीय, म्हणून तर रेघ उठून दिसते." मॅडम काकूंकडे वळल्या. "तुम्ही तुमचे कशानं साफ करता?"

आत्ता कुठे बाईंनी मुद्द्याचं विचारलं, असं काकूंना वाटलं. त्यांनी कपाटातून डबा आणला. त्यात दात घासायची पावडर होती, कडक केसांचा ब्रश होता आणि लोकरीचं फडकं होतं. "दर रविवारी. एकेक दागिना पाच मिनिटं, हात न थांबवता. बावीस वर्षांत एक रविवार चुकलेला नाही. सुनेच्या बाळंतपणाला गेले तेव्हा डबा आणि दागिने बरोबर नेले होते."

मॅडमनी चिमटीत थोडी पावडर घेतली आणि बोटांवर चोळून बघितली. ती खरखरीत होती.

"काकू, तुमचं खरं आहे. हे हातकामच होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही ते घासून काढलंत."

काकू खुर्चीत बसल्या. त्यांनी सगळ्यात लाडकं पदक उचललं. यावर सात पानं हवीत म्हणून त्या सोनाराशी दोन दिवस भांडल्या होत्या, आणि त्यानं सहाच कोरली होती. त्यांनी पदकावरून अंगठा फिरवला. एकही पान लागेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अगदी खरं होतं.

मॅडमना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "एक सुचवू का? या कानातल्यांचं कपाट आम्ही दालनाच्या तोंडाशीच ठेवू. शेजारी तुमचे तेवीसच्या तेवीस मांडू. घासून घासून हातकाम कसं नाहीसं होतं ते लोकांना कळेल. पण पाटीवर तसं स्पष्ट लिहावं लागेल. तुमचं नाव नको असेल तर घालणार नाही."

"नकाच घालू," जाऊ चटकन म्हणाली. "जाऊबाईंना लोक हसतील. माझं तेवढं लिहा."

काकूंनी डोळे पुसले. जावेकडे पाहिलं, तिच्या कानांकडे पाहिलं, टेबलावरच्या गुळगुळीत तेवीस दागिन्यांकडे पाहिलं.

"माझं घाला," त्या म्हणाल्या. "माहेरच्या आडनावासकट. आणि हिचा एक जोड आहे, माझे तेवीस नग आहेत. अक्षरं त्या मानानं मोठी घ्या."