सकाळच्या पोळ्या

काल संध्याकाळीही आई आणि मी पाम बीच रोडवर फिरून आलो. आई रात्रीच्या पोळ्यासुद्धा सकाळीच करून ठेवायची. "सकाळी उरकलं की संध्याकाळ आपली," म्हणायची. जेवताना तिने रोजच्यासारखं विचारलं, "मऊ आहेत ना गं?"

फोनवरची नजर न काढता मी म्हणाले, "सकाळच्या आहेत, आई. पण दात शाबूत आहेत माझे."

ती हसली.

आज बेलापूरला ऑफिसात पोचले तोच शेजारच्या सुचिताकाकूंचा फोन आला. आई ओट्याजवळच कोसळली होती. मी घरी येईपर्यंत ती गेली होती.

दुपारी दहन झालं. संध्याकाळी काकू पिठलं-भात घेऊन आल्या. ओट्यावरचा पोळ्यांचा डबा उचलत हळूच म्हणाल्या, "माणूस गेल्यावर घरातलं आधीचं शिजवलेलं ठेवत नाहीत, सई. मी टाकून येते."

मी डबा त्यांच्या हातातून घेतला. फडक्यात गुंडाळलेल्या चार पोळ्या होत्या. दोन तिच्या, दोन माझ्या. तिथेच फरशीवर बसून मी एक घास तोडला.

"अगं, हे काय करतेस?"

मी घास गिळला.

"मऊ आहेत गं, आई."