दोन सूत

आठ फुटी टेबल तयार झालं. रिटायर झालेल्या स्टेशनमास्तरांना त्यावर खेळातली आगगाडी मांडायची होती. मिस्त्रींनी लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला.

"या टोकाचे पाय दोन सूत कापा," मास्तर म्हणाले.

"काय सांगता? अर्ध्या सुताचा फरक पडला तरी लोक माझं डोकं खातात."

"आमच्या यार्डात उतार होता. डबा आपोआप घरंगळला. चौकशीत लिहिलं, जागा सपाट आहे, कोणी ढकलल्याशिवाय डबा हलणार नाही. ड्युटीवर मी होतो."

मिस्त्रींनी पाय कापले. मास्तरांनी टेबलावर रूळ मांडले, त्यावर एक डबा ठेवला आणि अलगद बोट काढून घेतलं. डबा जागचा हलला नाही.

"अजून दोन सूत."

पुन्हा करवत चालली. डबा ढिम्म.

"अजून दोन."

चौथ्या खेपेला डबा निघाला, हळूहळू वेग घेत गेला आणि टेबलावरून थेट फरशीवर आपटला.

"बघा! काय सांगत होतो मी?" मास्तरांचा चेहरा उजळला.

लेव्हलचा बुडबुडा केव्हाच एका टोकाला जाऊन चिकटला होता. मिस्त्रींनी लेव्हल उचलून पेटीत टाकली.

"माणसं किती गेली होती, मास्तर?"

मास्तर खाली वाकून डबा शोधत होते.

"तिघं," टेबलाखालून आवाज आला. "पण उतार होता ना, मिस्त्री?"