आईची ठेव

मेंदूच्या ऑपरेशनआधी मंजुळानं आईची आठवण बाटलीत भरून गोदामात ठेवली होती. बरी झाल्यावर ती न्यायला आली, तेव्हा गोदामवाला तुळशीदास डोळे मिटून गुणगुणत होता.

"दळण दळिते, मंजू माझी मांडीवरी,
चांदण्याचं पीठ सांडे तिच्या जावळावरी."

ओवीत आपलं नाव ऐकून मंजुळाच्या अंगावर काटा आला. "भाऊ, ही ओवी कुठली?"

"माझ्या आईची," तो म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. तो अनाथाश्रमात वाढलेला, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

तिनं आपली बाटली उचलली. रिकामी होती. वापरलेली आठवण पुन्हा भरता येत नसे.

"विश्वासानं ठेवलेला माल उघडलात तुम्ही! थांबा, पोलिसांनाच बोलावते."

"बोलाव ना, ताई. परक्याची ठेव वापरणाऱ्याचं डोकं कायद्यानं पुसतात. मग ही ओवी ना माझी, ना तुझी."

मंजुळाचा हात फोनवरच थांबला. आईचा चेहराही तिला आठवेना. मागच्या फळ्यांवरच्या सगळ्याच बाटल्या रिकाम्या होत्या.

तुळशीदासनं शटर खाली ओढलं आणि कुणा बाईच्या मायेच्या आवाजात विचारलं, "मंजे, जेवलीस का गं?"

"नाही गं, आई," फोन खाली ठेवत ती म्हणाली.