न आलेलं दुखणं

दीड वर्षांची रंजी अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती आणि तिच्या पायातलं, दुखणं आधीच ओळखणारं सरकारी कडं लाल झालं होतं. ते मोबाइलवर दिसलं, म्हणूनच आरोग्यसेविका वनिता भोये दोन तास डोंगर चढून आली होती.

"परवापर्यंत हिला न्यूमोनिया होणार," ती रंजीच्या आईला, सोनकीला म्हणाली. "आजच दवाखान्यात ने. पाच दिवस तिथेच राहून औषध द्यावं लागेल."

"पोर तर खेळतंय, बाई."

"आज खेळतंय."

सोनकीने खाचराकडे बोट दाखवलं. भाताची रोपं उपटून ठेवली होती आणि नवरा शहरात बांधकामावर होता. "न आलेल्या दुखण्यासाठी लावणी सोडू?"

पूर्वी लोक धापा टाकणारं मूल घेऊन वनिताच्या दारात येत. तेव्हा कुणाला समजवावं लागत नसे. पोरांच्या पायात ही कडी आल्यापासून चार वर्षांत तिच्या पाड्यांवर एकही मूल दगावलं नव्हतं, आणि आता तिचं बोलणं कुणाला खरं वाटत नव्हतं. बोलून बोलून ती थकली होती.

तिने साडी वर खोचली. "तू जा. लावणी मी करते."

रजा टाकून ती पाच दिवस चिखलात वाकली. सहाव्या दिवशी सोनकी परतली.

"बघा बाई, काहीच झालं नाही पोरीला. उगाच फेरा पडला."

"हो ना," वनिता म्हणाली. हातातली रोपं तिने सोनकीला दिली आणि रंजीला कडेवर घेतलं. पोरीचा श्वास अगदी मोकळा चालला होता.