टाकी फुल्ल

लेकीने भंगारातली टू-स्ट्रोक स्पोर्ट बाइक मागच्या खोलीत बांधायला घेतली, तेव्हापासून बाबांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. आई मात्र औषधाच्या मापाने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यायची.

"मापात चुकू नकोस हं आई," लेक दरवेळी बजावायची. "नुसतं पेट्रोल गेलं ना, तर भर वेगात इंजिन जाम होईल आणि चाक जागीच अडकेल."

आज ती पहिल्यांदाच हायवेला निघाली. बाबा चक्क फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला. गाडीचा आवाज वळणापलीकडे विरून गेला.



"उगाच रुसून बसलो गं इतके दिवस," बाबा ओशाळून म्हणाले. "सकाळीच तिच्या टाकीतलं ते तेलकट, भेसळीचं पेट्रोल काढून टाकलं आणि एकदम चोख भरून ठेवलं."