दुसरा हात

"टोचा लवकर, सिस्टर. त्या रेशमाला आज सरळ करायचीय," म्हणत मुलींच्या निरीक्षणगृहाच्या अधीक्षिका काळसेकरबाईंनी दंड पुढे केला.

नव्या कायद्याने मुलीला बसलेला मार मनगटातल्या चिपमधून अधीक्षिकेलाही तितकाच लागायचा. म्हणून बाई मारण्याआधी अंग बधिर करणारं इंजेक्शन घ्यायच्या. सिस्टर रेबेकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आज त्यांनी सिरिंजमध्ये नुसतं पाणी भरून टोचलं आणि बाईंच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या.

बाईंनी रेशमाच्या तळहातावर छडी हाणली आणि स्वतःच "आई गं!" करत मटकन खाली बसल्या.

रेशमा क्षणभर बघत राहिली. मग तिने दुसरा हात पुढे केला.

"बाई, हा राहिला."