दुपारचा खेळ

आयर्लंडमधल्या किलकेनीच्या हॉस्पिटलात रुजू होऊन डॉक्टर क्षितिजाला चार महिने झाले होते. दिवसभर सगळं इंग्रजीतच चाले. फोनवर आईला "मी मजेत आहे" सांगण्यापुरतीच मराठी उरली होती. सुट्टीच्या दुपारी ती एकटीच बॉक्सिंगच्या सिनेमाला जाऊन बसली. पडद्यावरचा तो किडकिडीत बॉक्सर जिंकेल असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणूनच तिचा जीव त्याच्यात गुंतला. शेवटच्या फेरीत तो कोसळला, पंच आकडे मोजू लागला आणि क्षितिजा भान विसरून ओरडली, "अरे, ऊठ ना!"

पुढचे दोघंतिघं वळून बघू लागले. ती शरमेने खुर्चीत आणखी खाली सरकली.

तेवढ्यात मागच्या अंधारातून एका म्हातारीचा आवाज आला, "उठंल गं पोरी, जरा दम तर खाऊ दे त्याला."